मोंटूच्या नावाचा रोट

कानबाईच्या रोटांचे गहू मोजायला भागाबाई बसल्या की घरात कोणी बोलायचं नाही, असा दंडक होता. एकेका बाप्यामाणसाचं नाव घ्यायचं, त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, मग पुढचं नाव. मध्ये कोणी शिंकलं, कोणाचा फोन वाजला, तर भागाबाई अशा काही बघत की शिंकणाऱ्याला जन्माला आल्याचा पस्तावा व्हावा. कारण सुपात पडलेली मूठ परत काढता येत नाही. ती देवीची झाली. ज्याच्या नावाची मूठ त्याचा रोट, म्हणजे गव्हाची जाड पोळी, त्यानंच खायचा. शेजारी द्यायचा नाही, गाईला घालायचा नाही. लेकरू बिनदाताचं असेल तर त्याच्या वाटचा त्याच्या आईनं खायचा. आणि सगळे रोट संपल्याशिवाय कानबाई पाटावरून उठत नाही, नदीवर जात नाही. खानदेशात गावोगाव कानबाई बसते आणि घराघराची रीत थोडी थोडी निराळी असते. तापीकाठच्या करंजवेलमधल्या या भाऊबंदांची ही अशी.

त्या दुपारी भागाबाईंचं नीट चाललं होतं. "राकेशना बाप," म्हणून त्यांनी नवऱ्याची मूठ टाकली, कारण नाव घ्यायचं नसतं. "राकेश." "स्वप्नील." "पियूष." हा पियूष म्हणजे राकेशचा आणि सून पुनमचा, घरात सगळे त्याला पिलू म्हणत. मग हात पुन्हा गव्हात गेला, मूठ भरली, सुपावर आली, आणि भागाबाई म्हणाल्या, "मोंटू."

गहू सुपात पडले.

समोर भिंतीला टेकून पुनम बसली होती. एक लेकरू तिच्या मांडीवर, दुसरं झोळीत. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात. अंगठा थांबला.

"आई," ती हळूच म्हणाली, "मोंटू आपला नाही."

"माले माहीत शे."

"तुम्ही मोंटू म्हणालात."

"तोंडमाईन निंघी गयं," भागाबाई म्हणाल्या. त्यांनी सुपाकडे बघितलं, मग झोळीकडे. झोळीतून एक काळंभोर जावळ आणि एक पाय बाहेर आलेला होता. "अशी बघू नको माझ्याकडे. रात्रंदिवस दोघांना सोबत बघते मी. हात काय, डोळ्यांच्या मागे जातो."

चूक भागाबाईंची, पण तिचं मूळ पुनमच्या पदराखाली होतं, हे दोघींना कळत होतं.

मोंटू रेहानाचा. रेहाना आणि तिचा नवरा मोनिरुल केळी भरणाऱ्या टोळीत होते. बंगालमधल्या मालद्याकडची माणसं. घड कापायचे, फण्या सोडवायच्या, टाकीत धुवायच्या, खोक्यात अशा बसवायच्या की परदेशात खोकं उघडलं तरी एका फणीवर डाग नसावा. राकेशच्या मळ्यातच पत्र्याच्या दोन खोल्यांत टोळी राहायची. रेहाना कामावर जाताना मोंटूला पुनमकडे ठेवून जाई, कारण पुनमकडे पिलूसाठी झोळी बांधलेलीच होती आणि एका झोपणाऱ्या लेकराला दुसरं झोपणारं लेकरू जड होत नाही. जागं झाल्यावर होतं. पण तेव्हा रेहाना येई.

बुधवारी ती आली नाही. पोलिसांच्या गाडीनं पूर्ण टोळीच उचलून नेली होती. बांगला बोलतात, म्हणजे बांगलादेशी असतील, असा संशय. गाडीत चढताना रेहाना ओरडून सांगत होती की माझं लेकरू मागे आहे. तिला सांगितलं, संध्याकाळी येशील. संध्याकाळ झाली, मोंटू रडून निळा झाला, बाटलीचं दूध त्यानं पुनमच्या अंगावर थुंकलं. मग पुनमनं दार लोटलं आणि त्याला छातीशी घेतलं. भागाबाई भाकरीची परात घ्यायला आत आल्या, बघितलं, परात घेतली, बाहेर गेल्या. त्यावर सासू-सुनेत एक शब्द झाला नाही. दोन दिवसांनी तो शब्द सुपात पडला होता.

"आता?" पुनमनं विचारलं.

"आता काय? त्याच्या आईनं यायचं आन् खायचं," भागाबाई म्हणाल्या आणि सूप झाकून ठेवलं.

*

त्याच्या आईला तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं. ठाण्यात एवढी जागा नव्हती आणि श्रावणात लग्नं नसतात. त्यामुळे टोळी राहत होती ती दाराशी कागदी फुलांची कमान, आत स्टेज आणि स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या अशा थाटात. खुर्च्यांवर कोणी बसत नव्हतं. फक्त टोळीचा स्वयंपाकी युनूसचाचा, ज्याचे गुडघे गेलेले होते, तो बसायचा, आणि त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, नवरी अजून पार्लरमधून यायची आहे.

पुनम रोज भाईदासच्या रिक्षातून मोंटूला आईचं दूध प्यायला आणी; रेहाना त्याला तिथे ठेवून घेत नव्हती, नाहीतर त्याचंही नाव यादीत चढलं असतं. सकाळी आणि दुपारी. पिलूला सासूकडे ठेवायचं, स्वयंपाक उरकायचा, आणि त्यातून चोरून काढलेल्या वेळात ही वारी. दारावरची पोलीसबाई स्वतः लेकुरवाळी होती; ती मोंटूचे गाल ओढून आत सोडायची.

शनिवारी सकाळी पुनम पोचली तेव्हा दाराशी गंमत चालली होती. टोळीतले सगळे, बायका आणि पुरुष, गाठोडी डोक्यावर घेऊन रांगेत उभे होते. शिस्तीत, केस विंचरून. रांगेत सगळ्यात पुढे रेहाना. तिच्यासमोर फौजदार भूषण, वय असेल तिशीचं, धुळ्याकडच्या खेड्यातला माणूस, कपाळावर घाम.

"साहेब, आम्ही निघतो," रेहाना म्हणाली. चार हंगाम केळीत काढून तिला जी भाषा आली होती तिच्यात थोडी अहिराणी, थोडी हिंदी आणि मराठीचं मीठ होतं. "चार दिवस ठेवलं, जेवायला दिलं. खूप उपकार."

"कुठे निघता? जाता येणार नाही."

"अच्छा. मग आमले अटक शे?"

"अटक नाही. नुसती चौकशी आहे."

"अटक नाही, तर आम्ही निघतो."

"अहो, जाता येणार नाही."

"मग अटक शे. अटक शे तर आमले कोर्टमा लई चाला."

"अटकच नाही तर कोर्ट कशाला?"

"हां. मग आम्ही निघतो," रेहाना म्हणाली, आणि मागच्या सगळ्यांनी गाठोडी सारखी केली.

पोलीसबाईनं तोंड फिरवून पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखं केलं. भूषण साहेबांनी पुनमकडे असं बघितलं, जसा बुडणारा माणूस काठावरच्या म्हशीकडे बघतो. "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला. कालपासून चाललंय. चहाच्या आधी एकदा, चहाच्या नंतर एकदा."

"ती चूक काय बोलतेय?" पुनमनं विचारलं.

"चूक नाही बोलत, हाच तर ताप आहे," साहेब म्हणाले.

ही युक्ती रेहानाची स्वतःची. आदल्या दिवशी त्यांच्यासमोर मराठीत छापलेले कागद ठेवून अंगठे मागितले होते. काय लिहिलंय ते कोणी बांगलात सांगत नाही, तोवर अंगठा नाही, असं तिनं सांगितलं आणि सगळ्यांनी आपापले अंगठे मुठीत लपवले. शिव्या नाहीत, दगड नाही, उपास नाही. जेवण वेळेवर जेवायचे, वाढणाऱ्याला भात छान झाला म्हणून सांगायचे, आणि गाठोडी घेऊन रांगेत उभे राहायचे.

मोंटूला पाजताना रेहाना स्टेजच्या मागे पुनमशेजारी बसली. लेकरू पिताना तिच्या बांगड्यांशी खेळत होतं. "पुनमदीदी, सोमवारी बस येणार म्हणतात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सकाळी बसवणार, स्टेशनावर नेणार, तिथून सरहद्दीवर. कोणाला विचारणार नाहीत. आपण कोण, कुठले, एकदा कोणीतरी खुर्चीत बसून विचारावं ना? मी सांगते ना. मला येतं सांगायला." मग तिनं मोंटूच्या डोक्यावर हात ठेवला. "याला घेऊन जाऊ बसमध्ये, का तुझ्याकडे ठेवू? मला दोन्ही नको."

रिक्षात बसल्यावर पुनमनं दीपमालाला फोन लावला. दोघी पारोळ्याच्या शाळेत एका बाकावर होत्या; दीपमाला आता धुळ्याला वकील होती, आणि फोनवरही ती अशी बोलायची की ऐकणारा सरळ बसायचा.

"अटक म्हण नाहीतर पाहुणचार म्हण, बाहेर जाऊ देत नाहीत ना? मग चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं होतं. मी अर्ज तयार करते. सोमवारी कोर्ट उघडलं की देते. पण पुनम, त्याआधी बस निघाली तर मी रिकाम्या खुर्च्यांसाठी भांडत बसेन."

"मग बस थांबवायची?"

"मी वकील आहे. मी बस थांबवा असं म्हणू शकत नाही," दीपमाला म्हणाली. "तू बघ."

*

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. केळीचे खांब बांधले, चौरंगावर पाट मांडून नारळाची कानबाई डोळे-नथ लावून, पिवळा शालू नेसून बसली. पुण्याहून स्वप्नील आला, भाऊबंद जमले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी रटरटू लागली. आणि रोट भाजून झाल्यावर भागाबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की एक रोट जास्तीचा आहे आणि तो मोंटूच्या नावाचा आहे.

भाऊबंदांत मोठे म्हणजे जीवरामआबा. दोन वेळा सरपंच झालेले, त्यामुळे घरातही सभेत बोलल्यासारखं बोलायचे. टोळीला नेलं त्या दिवशी पारावर 'सरकारनं धरलं ते उगीच धरलं का' असं म्हणणारे तेच.

"परक्याच्या पोराची मूठ?" आबा म्हणाले. "भागाबाई, काढून टाकायची ना."

"पडलेली मूठ निंघस का, आबा?"

"मग कोणीतरी खाऊन टाका."

सगळ्यांनी छताकडे बघितलं. दुसऱ्याच्या नावाचा रोट खायचा म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून घाबरवून सांगितलेलं होतं. आबांची बायको भिकुबाई भिंतीपाशी वाती करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुम्ही खाता का?"

"मला डॉक्टरांनी गहू बंद सांगितलाय," आबा म्हणाले. त्यांच्या ताटात त्यांच्या नावाचा अख्खा रोट होता.

"पोऱ्यानं आमना घरनं दूध पेलं," भागाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी अशा साधेपणानं म्हटलं की पुनमचा चेहरा गरम झाला. "मूठ चुकून पडली म्हणा नाहीतर देवीनं पाडली म्हणा. रोट त्याच्या मायनं खायचा. ती आली की कानबाई उठेल. नाही आली तर बसू द्या."

"बसू द्या म्हणजे? सोमवारी विसर्जन. भाऊबंद किती दिवस थांबणार? स्वप्नीलला रजा नाही."

"मला आहे रजा," स्वप्नील म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे, मग कानबाईकडे बघितलं. कानबाईचे डोळे मोठे रंगवलेले होते आणि त्या वर्षी ते जरा जास्तच आबांकडे लागलेले वाटत होते.

*

सोमवारी सकाळी बायका गाण्यांनी घसा बसवून बसल्या होत्या तेव्हा पुनम आणि भागाबाई भाईदासच्या रिक्षातून निघाल्या. भागाबाईंच्या मांडीवर फडक्यात रोट, पुनमच्या मांडीवर मोंटू, आणि तो रडला तर आपणही मागे नको म्हणून पिलू.

मंगल कार्यालयाच्या रस्त्यावर बस येऊन उभी होती. अजून आत घेतलेली नव्हती. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. दाराशी रांग लागलेली होती, गाठोडी डोक्यावर, आणि रेहानाचं 'मग अटक शे का' चाललं होतं. फक्त आज तिचा आवाज जरा चढा होता.

भागाबाई सरळ साहेबांसमोर गेल्या. "बेटा, तू कोठला?"

"धुळ्याकडला, मावशी."

"कानबाई बसस तुमनाकडे?"

"बसस ना. मी जाऊ शकलो नाही या वर्षी. आईनं माझी मूठ टाकलीय, काल तीनदा फोन आला."

"मंग तुले समजी," म्हणून भागाबाईंनी सगळं सांगितलं. मूठ, मोंटू, पाटावर बसून राहिलेली देवी. भूषण साहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू फौजदाराचा राहिला नाही. ज्याचा रोट धुळ्याला झाकून ठेवलाय अशा मुलाचा झाला.

"असं करू," ते म्हणाले. "मी तिला माझ्या गाडीतून करंजवेलला आणतो. रोट खाऊ द्या, देवीला नमस्कार करू द्या, तासाभरात परत. माझ्या जबाबदारीवर. कोणाला सांगू नका."

भागाबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पुनमलाही बरं वाटलं. निदान तेवढं तरी.

रेहानानं मात्र गाठोडं खाली ठेवलं नाही.

"माजी, रोट मी खाईन," ती म्हणाली. "आनंदानं खाईन. माझ्या मोंटूची मूठ तुम्ही टाकली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण साहेबाच्या गाडीत नाही. एक तास घरी, आणि मग परत येऊन बस. म्हणजे मला काय मिळालं? जेवण मिळालं. जेवण इथेही चांगलं मिळतं." मागे कोणीतरी हसलं. "मला कोर्टात न्या. मला एकटीला नाही, या सगळ्यांना. तिथे विचारा, आम्ही सांगतो. मग मी येते आणि रोट खाते."

"अवं पोरी, देवी पाटावर बशेल शे," भागाबाई म्हणाल्या.

"देवीला सांगा, आम्हीपण बसलोय."

पुनमला वाटलं, आता सासूबाईंचा पारा चढणार. देवीच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकून घेत नाहीत. पण त्या कमानीखाली उभ्या राहून कागदी फुलांकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी फोन मागितला.

"राकेशना बाप," त्या फोनवर म्हणाल्या, "कानबाई अठेच लई या. बठ्ठा या. बँडबी आना."

*

कानबाई आली ती ट्रॉलीतून, केळीच्या खांबांसकट. पुढे बँड, मागे भाऊबंद, बायका फुगड्या घालत, आणि सगळ्यांच्या मागे, आपण विरोधात आहोत हे दिसावं इतकं अंतर ठेवून जीवरामआबा. चौरंग मंगल कार्यालयाच्या दारातच मांडला. बस आत घ्यायची तर तिथूनच घ्यावी लागली असती. ड्रायव्हरनं चहाचा पेला ठेवला, चप्पल काढली, कानबाईच्या पाया पडला आणि टपरीवर जाऊन दुसरा चहा सांगितला.

आतली रांग बाहेर बघत होती, बाहेरची वरात आत. मोनिरुलनं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. बँडवाल्यांनी त्याला वाव दिला. युनूसचाचा लाल खुर्चीतून उठून दारापर्यंत आला आणि भिकुबाईंनी त्याच्याही हातावर प्रसाद ठेवला. रोट नव्हे, खोबरं.

भूषण साहेब कोपऱ्यात जाऊन वरच्या साहेबांशी फोनवर बोलत होते, आणि सगळी वरात कान देऊन ऐकत होती.

"नाही सर, गाडी लागणार नाही. ...दारात कानबाई आहे. ...कानबाई सर, देवी. ...उठवता येत नाही, एक रोट शिल्लक आहे. ...रोट. भाकरीसारखा असतो. ...खाणारी आत आहे सर. ती म्हणते, आधी कोर्ट. ...नाही सर, दुसऱ्या कोणी खाल्लेला चालत नाही. ...मी कसा खाऊ सर?" मग त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला. "सर, एक बोलू का? कोर्ट इथून पायी आहे. चार दिवसांपूर्वीच न्यायला हवं होतं. माझ्या नावावर टाका."

फोन ठेवून त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "चला," ते रेहानाला म्हणाले. "गाठोडी इथेच ठेवा. कोर्टात गाठोडी लागत नाहीत."

रेहाना जागची हलली नाही. "बठ्ठा?" तिनं मागच्या सगळ्यांकडे हात करून विचारलं.

"बठ्ठा, माय. बठ्ठा."

दीपमाला धुळ्याहून येऊन कोर्टाच्या पायरीवर उभी होती. काळा कोट, हातात अर्ज, आणि समोरून टोळी, पोलीस, देवी, बँड असं सगळं येताना बघून तिनं पुनमला विचारलं, "मी तुला बस थांबव म्हटलं होतं का?"

"नाही," पुनम म्हणाली.

"तेवढं लक्षात ठेव."

बँड कोर्टाच्या फाटकाबाहेर बंद केला. कानबाई लिंबाखाली बसली. पुनम दोन लेकरांना घेऊन दालनाबाहेरच्या बाकावर बसली, कारण पिलूला दात येत होते आणि त्याला ते सगळ्या जगाला सांगायचं होतं. दारातून तिला अर्धंच दिसत होतं. पण शिपायानं पुकारा केला तो तिनं पूर्ण ऐकला. "रेहाना बीबी," असं तो कोर्टाच्या सुरात ओरडला, आणि रेहाना पुढे गेली ती जणू तिचं बक्षिसासाठी नाव पुकारलं होतं.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं की हिला मराठी समजतं का. दीपमालानं सांगितलं, कामापुरतं. मग दुभाषा आणा, असं त्या म्हणाल्या, आणि बाजारपेठेतल्या सोनाराकडे काम करणारा एक बंगाली कारागीर बोलावून आणला. त्याला शपथ दिली. त्यानंतर रेहाना बोलली. चार दिवस ती दोनच वाक्यं बोलत होती. आता ती आपल्या भाषेत बोलत सुटली. गावाचं नाव, गावाजवळची नदी, बापाचं नाव, शाळा, शाळेतल्या बाईंचं नाव, लग्न, कोणत्या गाडीनं आलो, कोणाच्या मळ्यात राहतो. दुभाषा दमला. मॅजिस्ट्रेटबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. बाहेर बसलेल्या पुनमला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

एकेक करून सगळ्यांना विचारलं. शेवटी युनूसचाचा. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी सरहद्दीच्या पलीकडचा. आईनं कडेवर घेऊन आणलं. तेव्हापासून इथेच भात शिजवतोय." कोणी त्याला हे बोल म्हणून सांगितलं नव्हतं, बोलू नको म्हणूनही नव्हतं.

"खरं सांगितलं हे चांगलं केलं," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. "तुम्हालाही वकील मिळेल. तुमचं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय तुम्हाला कुठे पाठवणार नाहीत."

हुकूम असा झाला की चौकशी करायची ती करा, पण कोर्टाला विचारल्याशिवाय एकालाही तालुक्याबाहेर न्यायचं नाही, आणि काहीही समोर ठेवाल ते त्यांच्या भाषेत समजावून. बाकीच्यांना गावातल्या माणसांच्या जामिनावर करंजवेलला राहता येईल. युनूसचाचाला त्याच्या तारखेपर्यंत मंगल कार्यालयातच राहावं लागेल. मात्र डॉक्टर, वकील आणि भेटायला येणारे यांना मज्जाव नको. साहेबांना चार दिवसांबद्दल जे ऐकावं लागलं, ते त्यांनी खाली बघून ऐकलं.

जामीन कोण, असं विचारल्यावर राकेश पुढे झाला. त्याचे वडील प्रेमराजनाना पुढे झाले. आणखी एक हवा होता. भाऊबंदांनी एकमेकांकडे बघितलं. भिकुबाईंनी कोणाकडेच न बघता नवऱ्याच्या पाठीला कोपर लावलं, आणि जीवरामआबा दोन पावलं पुढे आले ते अर्धे तिच्या कोपरानं, अर्धे आपल्या पायांनी.

रोट रेहानानं लिंबाखाली बसून खाल्ला, गंगाफळाच्या भाजीबरोबर, शेवटच्या तुकड्यापर्यंत. "कडक झालाय," ती म्हणाली. "कालचा शे," भागाबाई म्हणाल्या, "खा गुमान." मोंटू तिच्या मांडीवर होता आणि पुनमचे दोन्ही हात कितीतरी दिवसांनी एकाच लेकराला पुरत होते. मग कानबाई उठली, बँड वाजला, आणि नदीवर जाताना बसच्या ड्रायव्हरनं बायकांना बसमधून सोडू का म्हणून विचारलं. कोणी बसलं नाही.

संध्याकाळी पुनम अंगणात लंगोट वाळत घालत होती तेव्हा जीवरामआबा आले. बाजेवर बसले. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर उगीच पेला बघत राहिले.

"सूनबाई, त्या म्हाताऱ्याची तारीख कधीची?"

"पुढच्या गुरुवारची, आबा."

"मी जातो म्हणतो. सकाळी टपरीवरून चहा पाठवला मी त्याला, तर म्हणे साखर कमी आहे. माणूस वाईट नाही." त्यांनी घसा साफ केला. "तिथे कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं असतं?"

"जे आहे ते सांगायचं. भेटायला आलो म्हणायचं."

"ते बरोबर. पण मला कोर्टाचं ते शुद्ध बोलणं जमत नाही. पटकन अहिराणी येते तोंडात."

"अहिराणीतच बोला, आबा," पुनम म्हणाली आणि लंगोट झटकून दोरीवर टाकला. "नाही समजलं तर दुभाषा देतात तिथे. आपण फक्त मागायचा."